दोघा भावांची बोली

जानेफळ
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रेम यास,

ताईचा प्रभू येशूत सलाम. अश्विनीला आणि छोट्या अपेक्षाला आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालवतात. थंडी बरीच पडली आहे. तुमच्या बुलढाण्यात तर जास्तच असेल, तेव्हा सकाळी मोटरसायकलवर बिनस्वेटरचा मिरवू नकोस.

तू पाठवलेल्या पैशांत चर्चचं काम झालं. वेदीवरची ती वाळवीनं खाल्लेली तुळई काढली, लोखंडी टाकली, वर नवे टिनपत्रे. पाळक साहेबांनी भर उपासनेत तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून काही ते निघालं नाही.

तू लिहिलंस, चर्चमधल्या दानाच्या फरशीवर आई-बाबांचं नाव कोरा, भाऊ असला तरी रंगरावचं नको. "मरेपर्यंत जो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, त्याचं नाव माझ्या पैशानं कशाला?" असं तुझं म्हणणं. चिखलीचा फरशीवाला दोनदा फोन करून विचारतोय. मी त्याला थांबवलं आहे. हे पत्र वाच, मग काय कोरायचं ते सांग. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू मध्येच तोडतोस आणि मी मध्येच पळ काढते.

आपल्या चर्चचं तुला माहीतच आहे. मिशनचा पैसा बंद झाला तेव्हा तू लंगोटात होतास. तीस घरं, त्यातली निम्मी मजुरीवर. रविवारच्या दानात पाळकांचा पगार जेमतेम निघतो. भिंत फुगली, छपराचे कवेलू फुटले, की सगळी भिस्त हंगामाच्या सणावर. जो तो आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी वेदीपुढे आणतो, कोणी कोंबडी, कोणी अंडी, कोणी पायलीभर ज्वारी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. बोली मी पुकारते. पस्तीस वर्षं शाळेत ओरडून गळा तयार झाला आहे ना!

अश्विनी आपल्या धर्माची नाही म्हणून रंगराव तुझ्या लग्नाला आला नाही. त्याच वर्षी सणाला त्यानं आणलेल्या कोहळ्यावर तू बोली लावलीस, त्याला डिवचायला. आणि तो येडा स्वतःच्याच कोहळ्यावर तुझ्या वर बोलत गेला, का तर माझ्या वेलाचं कोहळं ह्याच्या घरात जाऊ देणार नाही! शंभराचं कोहळं चार हजाराला सुटलं. लोक पोट धरून हसले. मीही हसले. त्या पैशात मागच्या भिंतीला गिलावा झाला.

पुढच्या वर्षी चर्चचे पंच म्हणाले, "ताई, भावांचं कोहळं शेवटी काढा." काढलं. आठ वर्षं काढत आले. तुम्हा दोघांना समोरासमोर बसवायची, तेही मीच. एका वर्षी खिडक्या झाल्या, एका वर्षी वायरिंग. देवाच्या घराचं काम होतंय म्हणत मी निवांत झोपायची. सख्ख्या भावांचं भांडण तापत ठेवून आम्ही चर्च दुरुस्त केलं, प्रेम, आणि त्याला दान म्हणालो. मला लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

आता टाळून उपयोग नाही.

यंदा सणाआधीच्या गुरुवारी रंगराव माझ्याकडे आला. ओट्याला टेकून उभा राहिला, चहासुद्धा घेईना. म्हणाला, "ताई, प्रेमले फोन लाव. मी लावला तं तो उचलत नाही. त्याले सांग, माह्यं चुकलं. त्या पोरीनं माह्यं काय बिघडवलं व्हतं? यंदा बोली-फिली काही नाही म्हणा. कोहळं त्याच्यासाठीच ठेवलं हाय. चर्च सुटलं की तिघंबी माह्या घरी जेवाले या." आणि रडला. बाबांच्या मातीला ज्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, तो आपला रंगराव.

मी म्हटलं, "बरं, सांगते."

नाही सांगितलं. त्याच सकाळी सुतार तुळई बघून गेला होता, पुढचा पावसाळा काढत नाही म्हणाला. मी मनात म्हटलं, आज यांचं जुळलं तर रविवारी बोली कोण लावणार? चारच दिवसांचा प्रश्न. सोमवारी सांगू.

रविवारी कोहळं घेऊन मी उभी राहिले. तू सुरुवातीलाच हजार बोललास. रंगराव तुझ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी बेशरम, ओरडले, "हजार एक वार! आणखी कोण?" तो गप्पच. कोहळं हजारातच तुला सुटलं, आणि तू बाकावरून ओरडलास, "काऊन, दम संपला काय?" लोक हसले. त्याला वाटलं, हेच तुझं उत्तर.

सोमवारी फोन हातात घेतला आणि ठेवला. आधी का नाही सांगितलं, असं विचारशील याची भीती. मंगळवारी तेच. बुधवारी तो शेतात कोसळला. मातीला तू आलास, लांब उभा राहिलास आणि कोणाशी न बोलता परत गेलास. त्याच्यावरचा तुझा राग खोटा आहे, प्रेम. तो माझ्यावर काढ.

एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी चर्चबाहेर चपला घालताना त्यानं मला विचारलं, "ताई, तू सांगितलं व्हतं ना त्याले?" आजूबाजूला माणसं होती, लिलावाची पेटी माझ्या हातात होती. मी "हो" म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि एकटाच घरी गेला. घरी त्याच्या बायकोनं, रेणुकानं तुम्हा तिघांची ताटं वाढायला घेतली होती.

तुम्हा दोघांची अपराधी,
सत्यभामा