आबासाहेबांचं पान

मुंबई, सोमवार २८ सप्टेंबर १९३१

पोहोचलो एकदाचा. काल संध्याकाळी सोलापूरला गाडीत बसताना आईने दशम्या, शेंगाची चटणी आणि इतक्या सूचना बरोबर दिल्या की ट्रंकेत सदऱ्यांना जागा उरली नाही. तिसऱ्या वर्गात रात्रभर ट्रंकेच्या कडेवर टेकून होतो, तरी बोरीबंदरला उतरलो तो अगदी ताजातवाना. न्यायला कुणी येणार नव्हतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच एकटा निघालो आहे आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटतं आहे.

एका विमा कंपनीत कारकुनाची जागा आहे, परवा टायपिंगची परीक्षा. ट्रामवर पैसे उडवायचे नाहीत असं ठरवून चालतच धर्मशाळा गाठली. तिथला रखवालदार सिद्धाराम अक्कलकोटकडचा निघाला. सोलापूर म्हटल्याबरोबर माझी सतरंजी व्हरांड्यातून उचलून त्याने आतल्या खोलीत टाकली. "आपल्याकडचं मानूस हाय की. तीन दिसाचा नियम बाकीच्यास्नी."

संध्याकाळी समुद्र पाहिला. आमच्याकडे उन्हाळ्यात एका हंड्यावरून बायकांची भांडणं होतात. इथे एवढं पाणी नुसतं पडून आहे हे पाहून थोडा रागच आला.

बुधवार ३० सप्टेंबर

परीक्षा बरी झाली. हेडक्लार्कने बारा तारखेला निकालाला बोलावलं आहे. मधे घरी जाऊन परत यायचं तर दुसऱ्या तिकिटाची सोय नाही, म्हणजे इथेच राहायचं. दशम्या संपल्या. चणे-कुरमुऱ्यांवर आहे. आईला मात्र खानावळ उत्तम मिळाल्याचं पत्र टाकलं.

सिद्धारामने आज तोंडावरच विचारलं की मी उपाशी का मरतो आहे. पितृपक्ष चालू आहे, इथे लोकांना श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाहीत, "आन् तुमी लई शिकलेले म्हनून चणं चावत बसलाय व्हय?" मला झोंबलं. आमचे अप्पा शाळामास्तर होते. श्राद्धं जेवत हिंडणाऱ्यांची ते मनसोक्त टिंगल करत आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसत असे.

शुक्रवार २ ऑक्टोबर

काल आणि आज जेवून आलो. गिरगावात, दोन निरनिराळ्या घरी. खीर, वडे, अळूची भाजी. लाज पहिल्या घासापर्यंत होती, दुसऱ्या घासाला कुठे गेली कळलं नाही.

पितरांच्या पाटावर बसलं की आपण आपण नसतो. यजमान आपले पाय धुतो, आपल्याला वाढतो, आणि आपण जे खाऊ ते त्यांच्या गेलेल्या माणसाला पोचतं अशी श्रद्धा. म्हणून नियमही कडक. त्या दिवशी आधी काही खाल्लेलं नसावं, एका दिवशी एकाच घरी जेवावं. जेवण पोटात ठरलं नाही, उलटलं, तर यजमानाला सांगावं म्हणजे तो पुन्हा श्राद्ध करतो, कारण ते अन्न कुणालाच पोचलेलं नसतं. अप्पांनी हे मला लहानपणीच शिकवलं होतं. तेव्हा ठाऊक नव्हतं असं मला कधीही म्हणता येणार नाही.

शनिवार ३ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतं, म्हणूनच लिहितो.

सकाळी एका घरी यजमानाच्या कचेरीच्या घाईने साडेदहालाच जेवण उरकलं. तडस लागेपर्यंत जेवलो. परत येतो तो सिद्धारामने दुसरं आमंत्रण घेऊन ठेवलेलं. ठाकुरद्वारचे नारायणराव मंगळवेढेकर, मूळचे बार्शीचे, त्यांच्या वडिलांची, आबासाहेबांची, आज तिथी. ठरलेला ब्राह्मण तापाने पडला होता. सिद्धारामला वाटलं, आपल्याकडचे लोक, मला बरं वाटेल. मी नाही म्हणायला हवं होतं. पण दक्षिणा आणि धोतर मिळणार होतं, आणि बारा तारखेला कंपनीत नेसायला चांगलं धोतर नव्हतं.

नारायणरावांनी विचारलं की सकाळपासून काही घेतलं नाही ना. मी नाही म्हणालो. त्यांनी माझे पाय धुतले. आबासाहेबांना घशाचा आजार होता. शेवटचे तीन आठवडे पाण्याखेरीज काही उतरलं नाही, आणि ते जेवायला मागत मागत गेले. हे नारायणरावांची आई, गोदावरीकाकू, स्वयंपाकघराच्या दारातून सांगत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या आवडीच्या शेंगापोळ्या केल्या होत्या. मी चार खाल्ल्या. कशा, ते माझं मला माहीत. शेवटी नारायणरावांनी रीतीप्रमाणे तृप्त झालात का म्हणून विचारलं आणि मी संस्कृतात ठणठणीत उत्तर दिलं की झालो. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

जिना उतरलो आणि खालच्या मोरीत सगळंच्या सगळं उलटलं. शेवटची पोळी तर जशीच्या तशी. नळाखाली तोंड धुतलं, वर पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. दोन जिने चढून सांगायचं होतं, एवढंच. मी नवं धोतर काखेत मारून निघून आलो.

रविवार ४ ऑक्टोबर

आज श्राद्धाला गेलो नाही. आता जाणार नाही. दक्षिणेतून खानावळीत जेवायला बसलो तर वाढप्याने माझ्याशेजारी दुसरं पान मांडलं. एकटाच आहे म्हटल्यावर त्याने बाजूला पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पान उचललं. पानाखालची फरशी ओली होती.

जेवलो तसं उलटलं.

सोमवार ५ ऑक्टोबर

सिद्धाराम विचारत होता, "तुमच्यासंगं आलेले म्हातारे कुटं गेले? त्यास्नी जेवायला न्हाय घातलं का?" माझ्याबरोबर कुणी आलेलं नाही. मी ओरडलोच त्याच्यावर. तो म्हणाला, दोन दिवस दुपारी भर बाराला तुमच्या सतरंजीपाशी मांडी घालून बसलेले असतात, उजवा हात असा पुढं धरून. त्याने करून दाखवलं. जेवणाआधी आचमनाचं पाणी घ्यायला आपण तळहाताची पळी करतो, तसा.

मंगळवार ६ ऑक्टोबर

पाहिले. खोलीत ऊन होतं, बाहेर फेरीवाला ओरडत होता. गळ्याला उपरणं गुंडाळलेलं. माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्या हातातल्या केळ्याकडे पाहत होते. तळहात ओला.

केळं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. माझ्या तोंडातून जाईल तेच त्यांना मिळणार, आणि माझ्या पोटात काही ठरत नाही.

सर्वपित्री अमावास्या अकराला. त्याआधी सांगितलं तर मंगळवेढेकरांना श्राद्ध पुन्हा करता येईल. नाहीतर ते असेच उपाशी, वर्षभर.

गुरुवार ८ ऑक्टोबर

ठाकुरद्वारला गेलो. सांगायला म्हणूनच गेलो होतो. काकूंचा चेहरा इतका निवांत झालेला. म्हणाल्या की वर्षभरात पहिल्यांदा शांत झोप लागते. "पोटभर जेवले हो ते. तृप्त झालो म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं." मग मी काय बोलणार? माझ्या हातावर लाडू ठेवला. घशाखाली जाईना. रुमालात बांधून आणला.

मी भित्रा आहे. अप्पा असते तर त्यांनी मला कान धरून वर नेलं असतं.

शुक्रवार ९ ऑक्टोबर

आवाज बसला आहे. घशात गाठ लागते बोटाला. आता पाणी तेवढं उतरतं —

ते आता दुपारी बाराची वाट पाहत नाहीत. दिवसभर बसतात. थोडे जवळ सरकलेत.

शनिवार १० ऑक्टोबर

आवाज गेला. उद्या अमावास्या. सांगायचं होतं तेव्हा आवाज होता. सिद्धारामला खुणांनी सांगू पाहिलं, त्याला वाटलं भूक लागली — पेज घेऊन आला बिचारा. दोन वाट्या आणल्या.

ही वहीच नेऊन देतो. त्यात सगळं आहे. लाज वाटते, सगळं आहे म्हणूनच —

रविवार ११. ठाकुरद्वार.

त्यांच्या पुढल्या खोलीत बसून लिहितो आहे. मी एकटाच जिना चढलो. ते मागे नव्हते. धर्मशाळेतही नव्हते सकाळी. बरं वाटायला हवं —

काकूंनी दार उघडलं. पाहिलं, आणि डोक्यावरून पदर घेतला. परक्याला पाहून घेतात तसा नव्हे. म्हणाल्या, "आज उशीर केलात."

वही पुढे केली. हसल्या. म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतं? तुम्ही शिकवणार होतात, ते राहूनच गेलं."

माझा उजवा हात ओला आहे. मी धुतला नाही.

पान मांडलं. शेंगापोळी. नारायणरावांना वाचता येतं; ते भटजींना आणायला गेलेत, येतीलच. काकू घास पुढे करताहेत. मान हलवतो तर म्हणतात, उतरेल, हळूहळू उतरेल आता —

भूक लागली आहे. माझी नव्हे —

तोंड उघडायचं नाही. आधी हे. नारायणराव, हे आधी वाचा. शनिवारी तुमचा जिना उतरल्यावर मी खालच्या मोरीत तुमच्या वडिलांचं —