मनुबाईचा आजार

बेळगाव,
१९ डिसेंबर १९८३

प्रिय अण्णा यांस,
अक्काताईचा सप्रेम जयभीम.

"छत्तीस पडले, म्हणजे एक मार्क वाया गेला," असं तुम्ही म्हणाला होता. मी मॅट्रिक झाले तो दिवस. आई तंबाखूच्या वखारीतून हात न धुताच धावत आली होती, गल्लीत गूळ वाटणं चाललं होतं, आणि तुम्ही माझे गणिताचे मार्क बघून एवढं एकच वाक्य बोललात. त्याला सत्तावीस वर्षं झाली. (त्या दिवशी मी रडले नाही असं तुम्ही वहिनींना नेहमी सांगता. रडले होते, पण परसात.) आज ते वाक्य का आठवलं ते ओघाने येईलच.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी लिहिलं होतं की तुम्ही तेल लावून घेत नाही आणि डॉक्टरांच्या गोळ्या "मग खातो" म्हणून खिडकीत ठेवता, आणि आता तिथे गोळ्यांची रांग लागली आहे. तुम्ही आयुष्यभर गणिताच्या तासाला मुलांना उदाहरण अर्धवट सोडू नका म्हणत आलात, म्हणून आठवण करून देते. इकडे आम्ही सर्व खुशाल. आमचा भरत लोंढा जंक्शनवर रेल्वेच्या नोकरीत रुळला आहे आणि आठवड्याला एक पत्र लिहितो, त्यात फक्त जेवणाबद्दल असतं.

आता शाळेचं. तुम्ही आमची शाळा पाहिलीत तेव्हा ती गावाबाहेर होती. आता शहर तिच्यापाशी येऊन पोचलं आहे. पुढच्या दाराशी सिटी बसचा थांबा आणि मागच्या कुंपणाला अजून भाताची शेतं. सरकारी हायस्कूल, सात खोल्या, दोनशे ऐंशी मुलं आणि एक बोर्ड. आमचे हेडमास्तर परशराम देसूरकर यांनी तो सागवानात करून घेतला आणि ऑफिसच्या दारावर असा लावला की मान वर केल्याशिवाय कुणाला आत जाता येत नाही. डाव्या अंगाला एस.एस.एल.सी.चा, म्हणजे दहावीचा निकाल, सालवार. उजव्या अंगाला शैक्षणिकेतर यश: लेझीम, वक्तृत्व, वृक्षारोपण (लावलेली झाडं दोनशे, जगलेली किती, असा रकाना नाही) आणि गेली दोन वर्षं मुलींच्या खो-खोची जिल्ह्याची ढाल.

डावीकडे एक्क्याऐंशीपासून ओळीने शंभर, शंभर, शंभर आहेत. ते कसे होतात हे तुम्हाला लिहायला लाज वाटते, पण लिहिते. जे पोर नापास होईलसं वाटतं, ते डिसेंबरात आजारी पडतं. म्हणजे हेडमास्तर त्याला हजेरीपटावर आजारी लिहितात. मग त्याचा परीक्षेचा फॉर्म जात नाही. पुढच्या वर्षी बाहेरून बस, असं त्याला समजावून सांगतात, आणि बाहेरून कुणी बसत नाही. वार्षिक अहवाल मी लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. 'काही विद्यार्थी प्रकृतीच्या कारणास्तव परीक्षेस बसू शकले नाहीत' हे वाक्य माझं आहे. पहिल्या वर्षी ते जुळवायला मला सबंध दुपार लागली. तिसऱ्या वर्षी मी ते मागच्या अहवालातून उतरवून घेतलं.

यंदा गॅदरिंगच्या आधी शामू पेंटर बोर्डावरची अक्षरं उजळायला आला. त्याला खाली चौऱ्याऐंशी सालची रिकामी ओळ दिसली आणि त्याने तिथेही शंभर रंगवून टाकले. नंतर विचारलं, तर त्याचं म्हणणं असं की तीन वर्षं तोच आकडा काढतोय, एप्रिलात जत्रांचे बोर्ड असतात, आत्ता रंगाचा डबा उघडलाच आहे, तर परत कशाला यायचं? परीक्षा मार्चमध्ये आहे, अण्णा. (भूमितीत साध्य आधी लिहितात हे मला ठाऊक आहे. पण त्याखाली सिद्धतेसाठी जागा तरी सोडतात.)

आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण रोज दिसणारा बोर्ड रोज कोण वाचतं? वाचला तो पाहुण्यांनी. शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले, दारात मान वर केली, सगळ्या ओळी वाचल्या आणि कानडीत "भाळ छलो", फार छान, म्हणाले. भाषणात त्यांनी जाहीर केलं की सलग चार वर्षं शंभर टक्के निकाल देणाऱ्या या शाळेलाच या वर्षीची प्रयोगशाळा पहिली मिळेल. टाळ्या पडल्या. दहावीच्या मुलांनीही वाजवल्या, आपण पास झालो हे त्यांना तिथेच कळलं. हेडमास्तर हातात हार घेऊन उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "बाई, आता हे खरं करायला लागणार."

ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. आठ वर्षं प्रयोगशाळेसाठी अर्ज करताहेत आणि आठ वर्षं चहाच्या ग्लासात रसायनशास्त्र दाखवताहेत. परवा ग्लास फुटला तर दुसरा त्यांनी घरून आणला.

दहावीत एक्केचाळीस मुलं आहेत. चाळीस जण ओढून-ताणून पार होतील. एक्केचाळिसावी उचगावच्या मष्णूची मनुबाई. खो-खोची कॅप्टन, उजवीकडच्या दोन्ही ढाली तिच्या पायांनी आणलेल्या. पण सहामाहीत गणितात अकरा. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी हजेरीपट माझ्याकडे आला, तर मनुबाई आजारी. तिला दहा वर्षांत साधी सर्दी झालेली नाही. मी हजेरी घेताना मुकाट्याने तिचं नाव गाळलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी हाय की."

मी पुढचं नाव घेतलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते.

दोन दिवसांनी तिचा बाप आला. ऑफिसात बसला नाही, दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने सरळ सांगितलं, "स्थळ आलंया. फॉर्म गेला तर परीक्षेपतूर थांबतो. न्हाय गेला तर कशासाठी थांबू? माघात उरकून टाकतो." त्याचं बोलणं चुकीचं होतं असं मला म्हणता येईना. मनुबाई बाहेर नळावर पाणी पीत होती, आणि बराच वेळ पीत होती.

तो गेल्यावर मी हेडमास्तरांना सांगितलं की या वर्षी ते प्रकृतीचं वाक्य मी लिहिणार नाही. ते खरोखर काळजीत पडले. "मग कोण लिहिणार?" म्हणाले. अर्धा तास आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे भांडलो. शेवटी ठरलं ते असं: पाच जानेवारीला ते स्वतः तिचा गणिताचा पेपर काढतील. पस्तीस पडले तर फॉर्म जाईल, मग बोर्डाचं काय व्हायचं ते होवो. एक कमी पडला तरी ती आजारी.

तेव्हापासून शाळा सुटल्यावर मी तिला गणित शिकवते आहे. मी, मराठीची बाई. बीजगणित आम्ही बऱ्यापैकी ओढलं. भूमितीत अडलो. दोन बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचे कोन सारखे असतात, हे मी तिला सिद्ध करायला सांगितलं. तिने आकृतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "बाई, दिसतंय की. कुणाला खोटं वाटाय लागलंय?" मी उत्तर शोधायला पुस्तक उघडलं, त्यात ते नव्हतं. मी तिला म्हटलं, तरीपण लिहावं लागतं. ती म्हणाली, "लई इचित्र लोक हायत." मग आम्ही दोघींनी शेंगा खाल्ल्या.

असं आहे सगळं. बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार सांगा आणि खिडकीतल्या गोळ्या मोजून कळवायला सांगा.

तुमची,
अक्काताई

ता.क. सोबत कुंदा पाठवला आहे. तुम्हाला गोड वर्ज्य आहे, तो वहिनींचा आहे.

दुसरा ता.क. वर 'शिकवते आहे' लिहिलं ते चार दिवसच खरं. पाचव्या दिवशी माझंच एक उदाहरण चुकलं आणि ते मनुबाईने दुरुस्त केलं. तेव्हा मला कळलं की तिला येत नाही असं नाही, तिला माझ्यासारखी शिकवणारी परवडणार नाही. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते घेऊन आलेली, दारात उभी असलेली मुलगी तीच. शेजारी मष्णू आहे, त्याला परतीची गाडी धरायची आहे. तो मला विचारत होता, पोरगी राहणार कुठे. मी आपलं घर, आपली गल्ली, आपली माणसं, सगळं काही न लपवता सांगितलं. त्याने टोपी काढून झटकली आणि परत घातली. मग म्हणाला, "जेवनाचं काय, भाकऱ्या बांधून देतो की पंधरा दिसांच्या." मनुबाई म्हणाली, "आप्पा, पंधरा दिसांच्या भाकऱ्या तुमीच खावा. मी तिथलंच जेवनार." तो हसला नाही, पण भाकऱ्याही बांधल्या नाहीत. शाळेच्या रजेची अडचण नाही. तिला आजारी लिहिलेलंच आहे, तर तो आजार ती तुमच्याकडे निपाणीत काढेल.

निवृत्त झालात त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की यापुढे कुणाच्या पोराच्या वहीत डोकावणार नाही, आणि ते पाळलंत. माझ्या भरतलाही तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत. मी त्यावर कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. तुम्ही नाही म्हणाल, हे मनुबाईला मी सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "म्हनू देत की. मी बसून ऱ्हाते तिथंच." तेव्हा अण्णा, तुमचं नाही म्हणून झालं, की तिला पंधरा दिवस ठेवून घ्या.