बाभूळगावकर आणि थॉर्नटन

मिस थॉर्नटन, मधल्या सुट्टीत तुम्ही चॅपलमागच्या पायरीवर बसून उकडलेलं अंडं सोलायचात आणि मी डब्यातली पोळी-भाजी तुमच्यापुढे सरकवायचे. एकदा हजेरी घेताना माझ्या आडनावावर तुम्ही पुन्हा अडखळलात, "बाबुल... बाबुलगाव...", म्हणून पायरीवर तुम्ही त्याचा अर्थ विचारलात. मी म्हटलं, बाभूळ म्हणजे काटेरी झाड, त्या झाडांचं गाव, आणि कर म्हणजे तिथला. तुम्ही अंडं हातात तसंच धरून हसायला लागलात. "थॉर्न म्हणजे काटा. टन म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपणातली वस्ती, मग गाव. अगं, तू तर माझी गाववाली!" मग म्हणालात, गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावानं हाक मारत नाही, जो गाव सोडून परमुलखात जातो, त्यालाच तिथले लोक म्हणतात, हा थॉर्नटनचा. तुम्ही स्वतः थॉर्नटन कधी पाहिलं नव्हतं.

घरी जाऊन मी हे धाकट्या भावाला सांगितलं होतं. त्यानं ते लक्षात ठेवलं. इथे कॅनडात बाभूळगावकर नावानं नोकरीला अप्लाय केलं की फोन येत नाहीत, म्हणून तो थॉर्नटन झाला. तेही मी गिळलं. पण गेल्या शनिवारी मिसिसॉगाला त्याच्या नव्या घराचं हाउसवॉर्मिंग होतं, आणि फायरप्लेसवर सोनेरी चौकटीत एक ढाल टांगलेली, विलायती घराण्यांचं चिन्ह असतं तशी. सिंह, पट्टे, खाली थॉर्नटन. मॉलमधल्या स्टॉलवर आडनाव सांगितलं की छापून मिळते, तसली. शेजारच्या गोऱ्या बाईनं विचारलं, तुम्ही थॉर्नटन मूळचे कुठले? आणि ज्याचं शेंबडं नाक मी माझ्या फ्रॉकनं पुसलं तो माझा भाऊ म्हणाला, "यॉर्कशर, ओरिजिनली." बाईनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या साडीकडे पाहिलं. "हाऊ लव्हली." मला शिसारी आली, मिस. मी समोशांचा ट्रे उचलला.

किचनमध्ये त्याला गाठलं. "लाज नाही वाटत? शिसारी आली मला."

"ताई, ट्रान्सलेशनच आहे. तूच सांगितलंस, सेम मीनिंग."

"आणि ती ढाल? बाबा काय घोड्यावरून लढायला जायचे? सायकलवरून पोस्टात जायचे ते!"

"तू लग्नात आडनाव टाकलंस, तेव्हा कुणाला शिसारी आली होती गं?"

मी समोसे ओव्हनमध्ये सारले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तर तो खरा बाभूळगावकर इथे येऊनच झाला होता, आणि इथेच त्यानं ते टाकलं. निघताना मी बूट घालत होते, तेव्हा भाची जवळ आली. "आत्या, हाउ डू यू से इट? द ओल्ड वन?" मी सांगितलं. "बाबुल... बाबुलगाव..." अगदी तुमच्यासारखी अडखळली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगवतही नाही की बाभूळगाव मीही कधी पाहिलेलं नाही. तेव्हा मी गेल्यावर काय कुणाला द्यायचं, तेही इथेच लिहिते. सुई टोचू नये म्हणून तुम्ही दिलेलं बोटात घालायचं चांदीचं टोपण माझ्या मुलीला. शिवत नाही ती, तरी. बाबांची दारावरची पितळी पाटी भाचीला. भावाला काही नाही. नाही, त्याला आईबाबांचा फोटो द्यावा. ढालीच्या शेजारी खिळा ठोकण्यापुरती जागा आहे, मी बघून आलेय.