नारिंगी पिंपातली एकच गोटी

मुक्काम केर बुंगा,
मतमोजणीनंतरचा तिसरा दिवस

तीर्थरूप पातेकाकांना पुतण्या मातार जोब याचे कोपरापासून सलाम.

काका, शांतता आहे ना? काकू शांततेत? मुलं शांततेत? तुमचा डावा गुडघा शांततेत? इकडेही शांतताच आहे. शेंगा काढून झाल्या, शेळी व्याली, आईची कंबर जिथे धरली होती तिथेच आहे. फक्त मी तेवढा मोजणीच्या रात्रीपासून आंब्याखालच्या बाकावर बसून आहे आणि येणारे-जाणारे माझ्या तोंडावर पाणी मारून जात आहेत.

रेडिओवरचा आकडा तुमच्या कानी आला असेल. तो वाचताना निवेदक अडखळला, पण चुकला नाही. आपल्या गावात बिराम न्जाय, तपकिरी पिंप, दोनशे अकरा मतं. आपले उमेदवार मास सेकासाहेब, नारिंगी पिंप, एक. एक, काका! मोजायला दुसरं बोटसुद्धा उघडावं लागलं नाही. हे लिहितानाही मी दर ओळीला उठून येरझारा घालतो आहे (अक्षर वाईट दिसलं तर ते त्यामुळे, एरवी ते वाईट असतंच असं तुम्ही म्हणाल, पण आज येरझाऱ्यांमुळे).

तुम्ही मला गावचा प्रचारप्रमुख केलंत, तेव्हापासून तीन महिने मी घसा फोडला. सायकलला कर्णा बांधून पहाटे पहिली फेरी, संध्याकाळी दुसरी. नारिंगी कापडाचे तागे वाटले. सहा वेळा भाताची मोठी पातेली चढवली, आणि खरवड खरवडायलाही माणसं थांबली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. न्जाय म्हणजे आपल्या जोबांचे थट्टेचे भाऊबंद, त्यांना शिव्या घालणं हा आपला वाडवडिलांपासूनचा हक्क. तो मी कर्ण्यातून मनसोक्त बजावला. बिराम न्जाय इतका खादाड की त्याच्या दारावरून जाताना तांदूळवाला गोणी पाठीमागे लपवतो, त्याच्या आजोबांना आपल्या आजोबांनी वाटीभर शेंगांना विकत घेतलं होतं, आणि वाटीही परत मिळाली होती, वगैरे. सगळं गाव पोट धरून हसायचं. अपवाद आमच्या घरातला. माझी बायको, तुमची सून सोखना ही जन्माने न्जाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती रोज दारात उभी राहून ऐकवायची, "अहो, तो कर्णा खाली ठेवा, कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्यात! जोबांच्या घरात शीतही उरत नाही म्हणून कुत्रं टिकत नाही, आणि म्हणे न्जाय खादाड!" तिचं मत कुठे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी ते धरलंच नव्हतं. बाकीची दोनशे अकरा मात्र मी खिशात धरून चाललो होतो.

मतदानाच्या दिवशी तुम्ही बांजूलहून गाडीने आलात, नारिंगी झगा घालून सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहिलात, मताची पहिली गोटी पिंपात तुम्ही टाकलीत आणि दुपारच्या आत परतलात. तुम्ही गेल्यावर माझे ग्रह फिरले. केंद्राजवळ सायकल आणायची नाही हा नियम मला शेंबडा असल्यापासून पाठ आहे. पिंपात गोटी पडली की आतली घंटी वाजते, एका माणसाला एक ठोका, आणि सायकलची घंटीही नेमकी तशीच. पण समोरून गावप्रमुख येताना दिसले आणि सवयीने माझा अंगठा दाबला गेला. नेमक्या त्याच वेळी आत पडद्यामागे कुंबाआजी होती. तिने एक टाकली, ठोके दोन ऐकू आले. अर्धा तास मतदान बंद! कुंबाआजीला (वय वर्षं ब्याऐंशी) दुसरी गोटी कुठून आणलीस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्या बापाने पहिली सुद्धा दिली नव्हती!" शेवटी हवालदाराने माझ्या सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघांनाही बाजूला घेतलं. मला तासाभराने सोडलं, सायकल अजून चौकीत आहे.

संध्याकाळी मोजणी. तपकिरी पिंप उपडं केलं तर गोट्यांचा धबधबा. भोकाभोकांचं लाकडी तबक भरत चाललं आणि मी खाली बसलो. मग आपलं नारिंगी पिंप. थोडा भुसा पडला. अधिकाऱ्याने तळाला थापट्या मारल्या, आत डोकं घालून पाहिलं, पुन्हा मारल्या. तेव्हा एक गोटी बाहेर आली, रिकाम्या तबकावर गरगर फिरली आणि कोपऱ्यातल्या भोकात जाऊन बसली. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी उठून उभा राहिलो आणि छातीवर हात ठेवून ओरडलो, "ती माझी आहे! या गावात निमकहराम नाही असा एकच!" सोखना समोरच चटईवर शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. उजाडल्यापासून एकेक जण बाकाजवळ येऊन कानात सांगू लागला की मातार, तू रागाच्या भरात बोललास ते ठीक, पण ती गोटी माझी. गावप्रमुख आले, शिंपी आला, ज्याने नारिंगी कापडाची पँट शिवून घेतली तो आला. दुपारपर्यंत एका गोटीला त्रेचाळीस बाप! कुंबाआजी तेवढी खरं बोलली. "अरे, सगळे तुझ्याच पिंपात टाकणार हे मला कळत नव्हतं होय? मग त्या बिचाऱ्या न्जायाला अख्ख्या गावात भोपळा? भाऊबंदाला शिव्या द्याव्यात, पण दारातून रिकामा पाठवू नये. मी आपली एक टाकली. एका गोटीने काय होतंय?" तिचं ऐकून गावप्रमुखांनी मान खाली घातली आणि शिंप्याने पायाने माती उकरली. काका, दोनशे अकरा माणसांनी, एकमेकांना न विचारता, दयेपोटी, एका गोटीने काय होतंय म्हणून त्याला निवडून दिलं! वैर समजतं मला, लाचही समजते. पण या प्रकाराला मी काय म्हणू?

तुमच्या विश्वासाचं मी असं मातेरं केलं. शुक्रवारी तुम्ही जाब विचारायला येणार असं कळलं. अवश्य यावं. वडीलधाऱ्यांना सलाम, पोरासोरांना गालगुच्चे, आणि गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा अभागी पुतण्या,
मातार

ता. क. येताना चौकीत शब्द टाकून सायकल सोडवावी. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. एवढ्यासाठी नाही लिहिलं. सोखना माहेरी गेली आहे. मोजणीनंतर घरी येऊन तिने मला एवढंच विचारलं, "पिंपात गोटी एकच होती ना?" मी म्हटलं, हो. "आणि ती तुमची?" मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाली, आणि गाठोडं बांधलं. काका, ती माझी नव्हती. पडद्यामागे बिरामचा फोटो समोर आला आणि तीन महिन्यांच्या शिव्या आठवून मला लाज वाटली. माझी गोटी तपकिरीत गेली. आपल्या पिंपातली ती एक तिची. न्जायांच्या लेकीने माझ्या बसलेल्या घशासाठी टाकलेली. अख्ख्या गावाने येऊन ती आपली म्हणून सांगितली. तिनेच तेवढं सांगितलं नाही. मला फार वाईट वाटतं आहे. शुक्रवारी आधी तिच्या माहेरी चला, आणि तिच्यादेखत मला विचारा, मत कुणाला दिलंस. तुम्ही विचारलंत तर मी खरं बोलेन, एकट्याने माझी जीभ उचलत नाही.

ता. क. शेवटचा. पुतण्याच्या घरगुती भानगडीत मी कशाला पडू, असं म्हणून तुम्ही टाळाल म्हणून लिहितो. तुमचं नाव अजून आमच्याच मतदारयादीत आहे, काका. त्या दोनशे बारांत पहिली गोटी तुमची होती. मी कुणाजवळ काही बोललेलो नाही. शुक्रवारी वाट पाहतो.