गॅरेजमधली चावानमुशी

८ जुलै, सोमवार
अनिकाच्या दातांच्या तारा आज आवळून आणल्या. नऊ वर्षांची पोर, तोंड एवढंसं करून बसलेली. काही चावता येईना. रत्नाने मऊ भात पुढे केला तर, "आजी, नॉट अगेन!"

तेवढ्यात शेजारच्या हिरोकोबाई आल्या. त्यांचा नवरा आणि आमचा ऋषी एकाच मोटार कंपनीत. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या या गल्लीत अर्धीअधिक घरं आपली नाहीतर जपानी. बाईंच्या हातात झाकणाचा कप. आत पिवळसर, थरथरणारं काहीतरी. चावानमुशी म्हणे! अंडं आणि पातळ सूप एकत्र करून वाफवायचं. गोड नाही, खारं. अनिकाने कप पार पुसून खाल्ला.

"आजोबा, कॅन यू मेक धिस?"

मी म्हटलं, वाफेवरच करायचं ना? कोराडीच्या वीजकेंद्रात छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळले. एका अंड्याचं काय एवढं!

९ जुलै
रत्नाने जाहीर केलं — "माझ्या कुकरमध्ये अंडं जाणार नाही. माझा चमचासुद्धा लागणार नाही."

आमच्या घरात अंडं कधी आलंच नाही. आईला चालत नसे. मी आपला कामावर कँटीनमध्ये बुर्जी खाऊन घ्यायचो, घरी येताना बडीशेप. ऋषी-रेणू खातात, पण आम्ही इथे आलो की सहा महिने त्यांचंही बंद.

मग मी गॅरेज घेतलं. विजेची शेगडी, नवं पातेलं, डझनभर अंडी. ऋषीने पातेल्यावर मार्करने ठळक अक्षरात 'अंडं' लिहून दिलं. बॉयलरवरसुद्धा एवढी मोठी पाटी नव्हती!

१० जुलै
पहिला प्रयोग. शेगडी फुल्ल. वाफ अशी सुटली की मन प्रसन्न झालं. वीस मिनिटांनी झाकण काढलं — कपात भोकंच भोकं. वर आलेला, टणक, चांगला बाउन्स होणारा पदार्थ.

अनिका बोटाने दाबून म्हणाली, "आजोबा, इट्स अ स्पंज."

११ जुलै
आज पाणी झालं. कोणी बघायच्या आत पिऊन टाकलं.

१३ जुलै, शनिवार
हिरोकोबाईंना गॅरेजमध्ये बोलावलं. त्यांनी शेगडी पाहिली, पातेलं पाहिलं, भिंतीवर मी लावलेला वेळ आणि तापमानाचा तक्ता पाहिला. मग तोंडावर हात ठेवून जे हसायला लागल्या ते थांबेचनात. "शशी-सान, टू मच फायर!"

मग शिकवलं. एका अंड्याला त्याच्या तिप्पट सूप. सूप समुद्री शेवाळाचं आणि वाळक्या मशरूमचं, पूर्ण गार झालेलं. फेटायचं नाही, फेस येतो. गाळून घ्यायचं. आच अगदी मंद, आणि झाकणाखाली एक काडी — वाफेला वाट हवी.

वाफेला वाट! हे त्या बाईंनी मला सांगावं! सेफ्टी व्हॉल्व्हवर मी पोरांना लेक्चरं दिलीत.

१४ जुलै
काडी ठेवली. वाट मिळाल्यावर वाफ जी निघाली ती थेट छताला लावलेल्या धुराच्या अलार्मला भिडली. घरभर ठणाणा! सुट्टीचा दिवस, ऋषी अर्धी दाढी करून धावत आला. "बाबा, अहो काय चाललंय काय!" मी गडबडीने शटर वर केलं तर समोरचा गोरा म्हातारा पाण्याचा पाइप घेऊन आमच्या दारात उभा. अनिका आनंदाने नाचत होती. त्या धांदलीत चारही कप उलटले.

सूनबाई रेणू शहाणी. फक्त पुसायचं फडकं आणून दिलं.

१६ जुलै
शटर उघडं ठेवून केलं. भोकं नाहीत! पण वर खड्डे, खड्ड्यांत पाणी. झाकणावरचे थेंब खाली पडतात. मी कागद घेऊन उतार काढत बसलो — झाकण किती अंशात तिरकं ठेवलं तर थेंब कडेला जातील.

रत्ना दारात, पदर नाकाला लावून उभी. "झाकणाला फडकं बांधा. ढोकळ्याला नाही का बांधत?"

"मी काढलाय उपाय," मी म्हटलं.

ती गेल्यावर फडकं बांधलं.

१८ जुलै, गुरुवार
झालं! जमलं!! कप हलवला तर नुसता शहारा येतो. चमचा घातला की आपोआप आत जातो. मशरूमचा एक तुकडा, वर कोथिंबिरीचं पान. हिरोकोबाईंना नेऊन दिला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. मला सरळ व्हायला जरा वेळ लागला.

अनिका शाळेच्या समर कॅम्पमधून आली. तिच्यासमोर कप ठेवला. मी बाजूला उभा — बॉयलरच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी राहायचो तसा.

"आजोबा, इट्स परफेक्ट!" चार चमचे खाल्ले. मग म्हणाली, "माय टीथ डोन्ट हर्ट एनिमोर. कॅन वी गेट पिझ्झा?"

दोन कप उरले. गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवले. रात्री सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला.

१९ जुलै
सकाळी गॅरेजमध्ये गेलो तर रत्ना खोक्यावर बसलेली. एक कप रिकामा, दुसरा अर्धा. मला बघून दचकलीसुद्धा नाही.

"लग्नाआधी वसतिगृहात रोज सकाळी खायचे मी अंडं," म्हणाली. "तुमच्याकडे चालत नव्हतं, सोडलं. तुम्ही विचारलंत का कधी?"

एकेचाळीस वर्षं!

तिने शेवटचा चमचा खाल्ला. "मीठ जरा कमी आहे."