बाहेर एक, आत तीन

९ फेब्रुवारी
आज तिकिटं देता देता बसच्या खिडकीचा गज हाताले चटकला. फेब्रुवारीतच! म्हणजे झालं सुरू.

घरी आल्या आल्या वि.ले सांगितलं, यंदा नवऱ्या-बायकोनं बसून ठरवायचंच. गेल्या वर्षी मार्च ते जून मैत्री एका खोलीत राह्यली. आठ वर्षांची पोट्टी, जेवणाचं ताट दारातून आत. जन्मापासून तिले घामच येत नाई. अंगात ऊन शिरलं की निघायले वाट नाई, मग ताप सरळ डोक्यात. त्या खोलीत एसी होता म्हणून वाचली. त्यानंही जूनमध्ये जीव सोडला.

वि. म्हणाले, "माझ्या ताईकडं पाठवू चिखलदऱ्याले. थंड आहे, शाळा आहे."
"माझी पोरगी माझ्या घरी राहीन."


१५ फेब्रु.
ड्युटी सुटल्यावर भद्रावतीले घरी न जाता चंद्रपुरातच एसीच्या दुकानात. मले तिन्ही खोल्या पाहिजेत. पण तीन एसी म्हणजे बाहेर तीन डब्बे, ते ठेवू कुठी? दोन्हीकडं शेजाऱ्यांच्या भिंती, समोर रस्ता, मागं अडीच हाताची गल्ली.

दुकानदारानं नवीनच दाखवलं. बाहेर डब्बा एकच, आत मशिनी तीन. ज्या खोलीत पाहिजे तेवढी चालवायची. मी तर पाहतच राह्यली.

"कुठं कुठं लावणार, ताई?"
"झोपायची खोली, बैठक, स्वयंपाकघर."
हसला तो. "किचनमध्ये कोण एसी लावते?"
"मी लावते."
हसणं बंद झालं.

१६ फेब्रु.
रात्रभर पत्रक वाचलं नसतं तर फसलीच होती. मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात: बाहेर ४६ डिग्रीपर्यंत चालेल. अरे बाप्पा! आणि त्याच्या पुढं? गेल्या मे मध्ये इथी सत्तेचाळीस पाह्यलं आपण. म्हणजे ज्या दिवशी गरज त्याच दिवशी साहेब सुट्टीवर.

बसमधूनच फोन लावला. दुसरं मॉडेल आहे म्हणे, ५२ पर्यंतचं. "आधी काऊन नाई सांगितलं?" तर म्हणते, "कोणी विचारत नाई, ताई."

२२ फेब्रु.
रहीमभाऊ घर पाहायले आले. जुना एसी हेच सांभाळत होते. भिंती ठोकून पाह्यल्या, टेप लावला, गल्लीत दोनदा जाऊन आले. चहा घेतला नाई, आधी समजावून सांगितलं.

"ताई, मशीन थंडी बनवत नाई. थंडी नावाची चीजच नाई. आतली गरमी उचलते आणि बाहेर फेकते. बस्स. हिवाळ्यात उलटी चालवली तर बाहेरची गरमी उचलून आत आणन."
"डिसेंबरमध्ये बाहेर कुठची गरमी?"
"असते. आपल्याले दिसत नाई."

तेव्हापासून तेच डोक्यात. माघाच्या पहाटेतसुद्धा ऊन असते कुठीतरी, आणि हा डब्बा ते शोधून काढते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ऐकून राह्यले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. कोणाले जोडले कोण जाणे.

मग रहीमभाऊंनी वाईट गोष्टही सांगितली. तिन्ही मशिनी एकदम फुल्ल चालल्या तर जोर वाटून घेतात, म्हणून बाहेरचा डब्बा एक नंबर मोठा घ्या. आणि बाहेरचा एक बंद पडला, तर आतले तिन्ही बंद.

वि.नं तेच धरलं. "म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत नाई, सगळी पोरगी एका टोपलीत!"

२३ फेब्रु.
ठरलं. वि.ची अट: उन्हाळ्यात एक दिवस जरी मशीन बंद पडलं आणि पोरीले त्रास झाला, तर जूनपासून मैत्री ताईकडं. मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं. तसं पाह्यलं तर वि.ही वाईट नाई बोलत. गेल्या मे मध्ये तिले उचलून दवाखान्यात पळालेले तेच होते. मी ड्युटीवर होती.

१९ मार्च
बसवलं! दोन दिवस घरात नुसती धूळ. तांब्याचे पाइप, तीन भोकं, रहीमभाऊंचं "जरा हटके, दादाजी" चालू. मामाजी हटतात कसचे.

संध्याकाळी तिन्ही सुरू केले. आवाजच नाई. मी मागच्या गल्लीत जाऊन डब्ब्यासमोर हात धरला. गरम झोत! माझ्या तिन्ही खोल्यांतलं ऊन एका जागी, माझ्या हातावर. हात काढवेना. वि. शोधत आले, "काय करून राह्यली इथी?"

३० मार्च
कालपासून डबल ड्युटी. घरी आली तेव्हा घामानं ब्लाउज पाठीले चिकटलेलं. मैत्री बैठकीत होती. बैठकीत! मार्चच्या शेवटी, दुपारी अडीचले, चित्र काढत.

माझ्या कपाळाले बोट लावलं. "आई, कसं लागते हे?"
"चिपचिप."
"दे ना मले थोडंसं."
माझ्या गळ्यावरून दोन्ही तळहात फिरवले, आपल्या हातांले चोपडलं आणि मशिनीपुढं उभी राह्यली. "थंड लागलं! आई, तुले रोज असं होते?"

चाळीस वर्षं घाम पुसतच आली मी. शिव्याच दिल्या त्याले. आज पहिल्यांदा वाटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही, आणि माझ्याजवळ नुसती सांडून राह्यली. मोरीत जाऊन रडली.

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी, मैत्रीचा पांढरा फ्रॉक. सकाळी विहारात नेली, ओला दुपट्टा डोक्यावर, आठच्या आत परत. संध्याकाळी मिरवणूक आमच्या रस्त्यानं. साडेसात वाजले तरी डांबर तापलेलं. तिनं बैठकीच्या खिडकीतून पाह्यली. काचेवर नाक दाबून. मी म्हटलं, "मागच्या वर्षी तुझ्या खोलीले तर खिडकीही नव्हती, या वर्षी बैठकीतून दिसली की नाई?"
"दिसली," म्हणाली. "आवाज कमी येते."

३ मे
हे लिहून ठेवतेच. आज ४५. दुपारी माझी सुट्टी. पोळ्या करत होती तर मैत्री स्वयंपाकघरात आली आणि ओट्याले टेकून उभी राह्यली. गॅस पेटलेला, तवा तापलेला, मे महिना, आणि माझी पोरगी माझ्या बाजूले! पोळी फुगली की टाळी. तिनं उन्हाळ्यात पोळी फुगताना कधी पाह्यलीच नव्हती. चौदा पोळ्या केल्या. खाणारे चौघं.

ज्यानं कोणी हे मशीन काढलं त्याच्या हाताले सोनं लागो.

८ मे
मामाजींचं नवीन वेड. दुपारी गल्लीत जाऊन डब्ब्याजवळ बसतात. "सुनबाई, पोरीसाठी एकटं उन्हात उभं राह्यते बिचारं. त्याले काही पाणी-गिणी?" मी हसली. "मामाजी, ते मशीन आहे." म्हणे, "बैलही बोलत नाई, आपण समजून घ्यावं लागते."

(हे नंतर लिहिलं: तेव्हाच नीट सांगायले पाहिजे होतं.)

१२ मे


अडीचले चंद्रपूर स्टँडवर गाडी लागली आणि मामाजींचा फोन. "सुनबाई, मशीन मेलं. तिन्ही बंद." वि. खाणीत खाली, तिथी फोन लागत नाई. घरात म्हातारा आणि पोट्टी. बाहेर ४६ च्या वर. ड्रायव्हरभाऊले म्हटलं, "काढा गाडी." त्यांनी तोंड पाहूनच गेअर टाकला.

गाडी भरून. तिकिटं तर द्यावी लागतात! ताडाळीले उतरणाऱ्या बाईले भद्रावतीचं तिकीट देऊन बसली. ती भांडली, मी ऐकलंच नाई. रहीमभाऊले फोन. ते ओरडले, "दादाजीले विचारा, डब्ब्याच्या अंगावर काही आहे का?"

मामाजीले विचारलं. "गोणपाट आहे ना. सकाळीच बांधलं, चारी बाजूनं. पाणी मारलं मस्त. वरच्या टाकीले बांधतो तसं."

माय माय माय! गरमी बाहेर फेकायचं ज्याचं काम, त्याचंच तोंड बांधलं. फेकलेली गरमी तोच गिळत राह्यला आणि गुदमरून बंद पडला.

"काढा! आत्ताच्या आत्ता काढा!" सगळी बस माझ्याकडं पाहून राह्यली होती.

घरी पोचली तेव्हा तिन्ही सुरू झाले होते. मैत्री फरशीवर, ओल्या चादरीत. थर्मामीटर १०२. नळाचं पाणी चटके देते, म्हणून मामाजींनी दोन्ही माठ तिच्या अंगावर रिकामे केले होते. पंख्यासमोर धरली, पायाले ओली फडकी लावली, एक मिनिट बसले नाईत. जे करायले पाहिजे ते सगळं केलं त्या माणसानं. आणि जे नाई करायले पाहिजे तेही त्यानंच केलं.

मी ओरडली त्यांच्यावर. लय ओरडली. ते माठाजवळ बसून राह्यले. सहापर्यंत ताप उतरला.

१३ मे
वि.नं ताईले फोन लावला. मी म्हटलं, मशीन बंद पडलं नाई, बंद पाडलं. ते अटीत येत नाई.
"पोरीच्या डोक्यात ताप चढला की नाई?"
"चढला."
"मग?"
बरोबर बोलतात, हाच राग आहे.

मामाजी म्हणतात मी गावी जातो, माझ्यामुळं झालं. मी काल एवढी बोलली आणि आज त्यांची पिशवी उचलून फडताळात ठेवली. "तुम्ही गेले तर दुपारी तिच्याजवळ कोण? बसा गप." बसले. माफी दोघांपैकी कोणीच मागितली नाई. भाजीत त्यांच्या आवडीची तिखट मिरची टाकली.

१९ मे
शाळेचा फॉर्म आला. ताईनं पाठवला. आईच्या सहीची जागा रिकामी, वि.ची झाली. त्यांची सही नेहमी लफ्फेदार असते, यावर एवढीशी केली.

रोज ४६, ४७. डब्बा चालून राह्यला, उघड्या अंगानं. मी रोज सकाळी जाऊन पाहते. भर उन्हात उभं राहून घर थंड ठेवते, आणि हटत नाई. मशीन आहे म्हणून हसली होती मी, आता मीच त्याच्याशी बोलते. मामाजी दुरून पाहतात, हात लावत नाईत.

२४ मे
उद्यापासून नवतपा. वर्षातले सगळ्यात वाईट नऊ दिवस. मी ठरवलं, हे नऊ दिवस मशिनीनं काढले की फॉर्म फाडायचा. वि.ले सांगितलं. ते म्हणाले, "एकदा तिले तर विचार."

मले सुचलंच नव्हतं. मशीन निवडताना दहा जणांले विचारलं, तिलेच नाई.

२५ मे
नवतपाचा पहिला दिवस. दुपारी विचारलं. ती बैठकीत होती, खिडकीजवळ.

"आत्याकडं जायचं का तुले? खरं सांग. बाबाले काय वाटन, आईले काय वाटन, सोड."

तिनं काचेवर बोट फिरवलं. मग विचारलं, "आत्याकडं संध्याकाळी पाच वाजता मे मध्येही लेकरं बाहेर खेळतात म्हणे. खरं आहे?"
"हो. खेळतात."
"चप्पल घालून बाहेर? रस्त्यावर?"
"हो."
"मग जाते मी."

असं सहज. जसं काही दुकानात जाते.

मी म्हटलं, "इथी तर तीन खोल्या झाल्या तुले." म्हणायले नाई पाहिजे होतं. तिनं माझा हात धरला. एवढीशी पोट्टी, मले समजावते! "आई, छान आहेत तिन्ही खोल्या. पण खोल्याच आहेत ना."

"तिथी मी नसन."
"माहीत आहे. तू सुट्टीच्या दिवशी ये ना. तुले तर बसचं तिकीटही लागत नाई."

मग स्वयंपाकघरात गेली आजोबाजवळ, पाणी प्यायले. पायात चप्पल नाई, थंड फरशीवर थपथप आवाज. मागं डब्बा चालू. सगळं बरोबर निवडलं होतं मी. एकही गोष्ट चुकली नाई.

फॉर्म ३१ पर्यंत द्यायचा आहे. सही केली नाई अजून. फाडलाही नाई.