माझ्या डाव्या डोळ्याबाबत

मी, श्रीनिवास मधुकर फिरके, वय बासष्ट, मूळ गाव जळगाव, सध्या राहणार बेडोक, सिंगापूर, निवृत्त अकाउंटंट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न मात्र गेल्या महिन्याभरात बऱ्याच जणांनी केला, त्यांची नावे ज्या त्या कलमात येतील. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. परवा गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण सह्या त्यांनी भरपूर घेतल्या आहेत.

मराठीत लिहितो, कारण मला इंग्रजीत हिशेब लिहिता येतात, रागावता येत नाही.

कलम १. माझा मुलगा रुचिर याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. त्याने याचे इंग्रजी भाषांतर रीतसर करून घ्यावे. भाषांतर करताना माझे बोलणे सौम्य करू नये. त्याला तशी सवय आहे.

कलम २. बेडोकचा फ्लॅट माझ्या व माझी पत्नी सविता हिच्या संयुक्त नावावर आहे, तो आपोआप तिचा होतो. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, नामनिर्देशन वेगळे केलेले आहे, ते मृत्युपत्राने ठरत नाही. सविताने पहिले वर्षभर तरी हा फ्लॅट विकू नये. रुचिर आणि सूनबाई चैत्राली तिला आग्रहाने वुडलँड्सला आपल्या घरी घेऊन जातील आणि तिथे तिच्या कढीपत्त्याच्या कुंडीला ऊन मिळणार नाही. सहा महिन्यांत ती दोघांशीही भांडेल.

कलम ३. बँकेतील शिल्लक निम्मी सविताला, निम्मी रुचिरला. वाद घालण्याइतकी ती नाही.

कलम ४. माझा कॅचरचा ग्लव्ह मी माझी नात आर्या, वय अकरा, हिला देतो. तो जुना आहे, पण शिवण शाबूत आहे. त्याला खोबरेल तेल लावू नये, चामडे मऊ पडते. आर्या वुडलँड्सच्या मुलांच्या बेसबॉल क्लबात पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणे, शिकते. तिचा चेंडू वळतो. हे मी आजोबा म्हणून लिहीत नाही, ज्याने चांगल्या पिचरांसमोर उभे राहून मार खाल्ला आहे अशा माणसाच्या अधिकाराने लिहितो.

तिला शिकवतो प्रकाश भंगाळे. येत्या शनिवारी क्लबची कमिटी बसणार आहे, आणि प्रकाशला ठेवायचे की काढायचे ते ठरणार आहे. त्यांना त्याआधी माझे मत लेखी हवे आहे. गुरुवारी मी वाचलो तर अंथरुणावरून फोन करून स्वतः सांगेन. न वाचलो तर खालची कलमे कमिटीला वाचून दाखवावीत.

कलम ५. आता डोळा. १९८५ च्या हिवाळ्यात जळगावला आमचा अंतिम सामना होता. समोरच्या संघाचा पिचर प्रकाश, वय वीस. त्या वेळी खानदेशात बेसबॉल बघायला येणारे लोक थोडे, पण जे येत ते त्याच्यासाठी येत. आधीच्या डावात मी त्याला होमरन मारला आणि बेसवरून पळताना त्याच्याकडे बघून हसलो. हसायला नियमात बंदी नाही. पुढच्या वेळी मी उभा राहिलो तेव्हा त्याने चेंडू मुद्दाम माझ्या अंगावर टाकला. त्याच्या हातातून चेंडू सुटताना मी पाहिला. दोन्ही डोळ्यांनी पाहिलेली ती माझी शेवटची गोष्ट. मला घाबरवायचे होते, डोळा फोडायचा नव्हता, हेही मला तेव्हाच समजले. पण डोळा गेला. हेल्मेटे आमच्याकडे त्या काळी नव्हती.

प्रकाश इस्पितळात आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. एका डोळ्याने चेंडू किती लांब आहे ते कळत नाही, म्हणून खेळ संपला. मी सीए झालो आणि पुढे इथे आलो.

प्रकाश नोकरीनिमित्त २०१० साली सिंगापूरला आला. एका रविवारी बेडोकच्या सरकारी खाऊगल्लीत, हॉकर सेंटरमध्ये, मी इथली कॉफी, कोपी, पीत बसलो होतो. तो टेबलांना वळसा घालून समोर आला.

"भाऊ, मी प्रकाश."

"ओळखलं."

"बसू का?"

"खुर्ची माझी नाही, सरकारची आहे."

तो बसला. त्याने क्षमा मागितली नाही, मी मागायला लावली नाही. मी एकच विचारले, "तेव्हा आला का नाहीस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"नाही. वहिनींची. मी इस्पितळाच्या फाटकापर्यंत आलो होतो. त्या कडेवर रुचिरला घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या. परत फिरलो."

त्याने दुसरे काही कारण सांगितले असते तर मी उठून गेलो असतो. पण कारण खरे होते म्हणून मी त्याला सोडले असेही नाही. मी प्रकाशला क्षमा केलेली नाही, आजही नाही. मी गेल्यावर शोकसभेत कोणी उठून "त्यांनी मोठ्या मनाने क्षमा केली" असे म्हणू लागले, तर रुचिरने त्यांना खाली बसवावे.

कलम ६. जुन्या बेसबॉलप्रेमींचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे, नाव डायमंड कट्टा. सिंगापूर, पुणे, जळगाव, सगळीकडचे लोक त्यात आहेत. तो चालवतो क्षितिज देव, वय एकतीस, आयटीत आहे, राहतो जुरोंग ईस्टला. मुलगा सालस आहे, माझ्या औषधांची धावपळ त्यानेच केली. पण ज्या सामन्याबद्दल तो रोज लिहितो, त्या सामन्याच्या वेळी त्याचा जन्म झालेला नव्हता.

कट्ट्यावर दोन पक्ष आहेत. एकाला जळगावात भंगाळे चषक सुरू करायचा आहे. ते प्रकाशचे आकडे देतात आणि म्हणतात, असा हात महाराष्ट्रात पुन्हा झाला नाही. माझा विषय निघाला की लिहितात, फिरके प्लेटला चिकटून उभा राहायचा, चूक त्याचीही होती. फलंदाजाने जिथे उभे राहायचे त्या चुन्याच्या रेघेच्या आत मी होतो. ज्यांना शंका असेल त्यांनी त्या दिवशीच्या पंचांना विचारावे. ते वारले आहेत, म्हणून तर हे लोक निर्धास्त लिहितात.

दुसरा पक्ष क्षितिजचा. त्यांच्या मते एका चेंडूत माणूस कळतो, पुढचे-मागचे काही बघायची गरज नाही. त्यांनीच क्लबला तक्रार पाठवली आणि सोबत माझा फोटो जोडला, इस्पितळातला, पट्टी काढल्यानंतरचा. तो फोटो मी माझ्या आईलाही दाखवला नव्हता. कुठून मिळाला विचारले तर क्षितिज म्हणाला, "काका, इस्पितळाच्या जुन्या फायलीत मिळाला. तुमच्यासाठीच करतोय सगळं."

"मला विचारलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

चषकवाल्या पक्षातल्या पुण्याच्या उल्काताईंनी तर कळस केला. चषकाबरोबर एक छोटे संग्रहालय होणार आहे, त्यात माझा कृत्रिम डोळा ठेवता येईल का, अशी त्यांनी नम्र विचारणा केली. म्हणून स्पष्ट लिहितो. कृत्रिम डोळा माझ्याबरोबर जाळावा, कोणाच्याही कपाटात जाऊ देऊ नये. दोन्ही पक्षांना माझा डोळा हवा आहे आणि मी कोणालाच नको आहे, याचा मला फार राग येतो.

कलम ७. सविताचा राग वेगळा आहे. तो खरा आहे आणि तो माझ्या मालमत्तेत धरू नये. परवा मी तिला म्हटले, "डोळा माझा आहे. प्रकाशचं काय करायचं ते मी ठरवणार."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "डोळा तुमचा. खोबणी धुतली कोणी? तुम्ही रात्री जिन्यावरून पडायचे तेव्हा उचललं कोणी? चार वर्षांचं पोर काखेत घेऊन मी त्या दाराकडे बघत होते, हा तरी माणूस येईल म्हणून. तो फाटकातून परत गेला हे तुम्ही मला आठ वर्षांपूर्वी सांगितलंत. तेव्हापासून जास्तच राग येतो."

तिचा राग मी कोणाला देऊ शकत नाही आणि तिच्याकडून काढूनही घेऊ शकत नाही. हे लिहीत असताना ती माझ्या डावीकडे उभी राहून वाचते आहे. मला दिसत नाही असे तिला वाटते.

कलम ८. कमिटीसाठी. गेल्या महिन्यात मी आर्याचा सराव बघायला गेलो होतो. तिचा एक चेंडू समोरच्या मुलाच्या दंडावर बसला. मुलगा रडू लागला. प्रकाशने खेळ थांबवला. आर्याला बोलावले, त्या मुलाबरोबर पहिल्या बेसपर्यंत चालत जायला लावले आणि तो शांत होईपर्यंत त्याच्याजवळ उभे राहायला सांगितले. ती चिडली, आणि चिडली की ती इथल्या मुलांसारखी वाक्याला "ला" लावते. "कोच, अॅक्सिडेंट होता, ला. सॉरी म्हटलं ना मी."

"सॉरी लांबून म्हटलंस," तो म्हणाला. "जवळ जा."

घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत आर्या बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होती. मग म्हणाली, "आजोबा, कोच खूप स्ट्रिक्ट आहे. पण तुम्ही त्याला काढायला सांगू नका, ओके?" तिला सगळे ठाऊक होते. मुलांच्या मोबाइलवर तो फोटो आधीच पोचला होता.

मला त्या दिवशी प्रकाशचे कौतुक वाटले नाही, संताप आला. हे सगळे त्याला माझ्या वेळी सुचले नाही. तो ते शिकला माझ्यावर. त्याच्या क्लबात जाळीचे हेल्मेट घातल्याशिवाय कोणी बॅट उचलत नाही, प्रत्येकाचा पट्टा तो स्वतः ओढून बघतो, त्याची किंमत मी दिलेली आहे. आणि मी अकाउंटंट आहे. ज्याची किंमत देऊन झाली आहे ती वस्तू मी फेकू देणार नाही.

म्हणून कमिटीला माझे सांगणे असे. प्रकाश भंगाळेने १९८५ साली माझ्यावर मुद्दाम चेंडू टाकला, हे खरे आहे. तो त्यानंतर माझ्याकडे आला नाही, हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टींच्या आधारावर त्याला शिक्षा करायचा हक्क कोणाला असेल तर तो मला होता. तो मी वापरलेला नाही, आणि कोणाला वारसाहक्काने देतही नाही. माझ्या नावाने त्याला काढू नये. माझ्या नावाने त्याचा चषकही करू नये. त्याला शिकवू द्यावे. आर्या त्याच्याकडेच शिकेल, हे मी रुचिर आणि चैत्राली दोघांना सांगून ठेवले आहे.

कलम ९. अंत्यविधी मंडाईच्या विद्युतदाहिनीत करावा. भाषणे नकोत.

प्रकाश येईल. त्याच्याबद्दल एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, कारण कट्ट्यावरच्या कुठल्याच पक्षाला ती उपयोगाची नव्हती. डोळा गेल्यापासून माणसे माझ्या डावीकडून येतात. खांद्यावर हात ठेवतात, कानाशी बोलतात, आणि मी दचकतो. क्षितिज दर वेळी तसाच येतो. रुचिर विसरतो, सविताही विसरते. त्यांचे चुकते असे नाही, घरातल्या माणसाचे व्यंग घरातले विसरतात. प्रकाश आठ वर्षांत एकदाही डावीकडून आलेला नाही. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर, मैदानावर, रुचिरच्या वास्तुशांतीला मी जिन्याशी उभा होतो तेव्हासुद्धा, तो माझ्यामागून वळसा घालून उजवीकडे येतो, मला दिसेपर्यंत थांबतो आणि मग बोलतो. याला चांगुलपणा म्हणायचे की ओझे, ते मला ठरवता आले नाही.

तेव्हा त्याला हॉलमध्ये येऊ द्यावे. सविताची ना असेल तर तिचा शब्द शेवटचा, मग त्याने दाराबाहेर उभे राहावे. आत आला तर मात्र कुठे उभा राहा हे त्याला कोणी सांगू नये. मला तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच असतील. तरी तो वळसा घालून उजवीकडेच येईल.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही करीत आहे.

साक्षीदार म्हणून शेजारच्या मेधा करंदीकर यांना बोलावले आहे, आणि क्षितिजलाही. या कागदातून त्या दोघांना काहीही मिळत नाही, कायद्याला तेच हवे असते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, क्षितिजला मी तो पूर्ण वाचायला लावला. वाचून झाल्यावर त्याने कागद सरळ करून टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "फोटो मी काढून टाकतो, काका. पण त्याने मुद्दाम टाकला होता, हे तुम्हीच लिहिलंय." मी म्हटले, लिहिले आहे, आणि त्याखाली तुझी सही हवी आहे.

सही: श्रीनिवास मधुकर फिरके

साक्षीदार: १. मेधा करंदीकर, २. क्षितिज देव

ठिकाण: बेडोक, सिंगापूर
दिनांक: १४ ऑगस्ट २०१८

दुरुस्ती. कलम ९ मधील "सविताची ना असेल तर तिचा शब्द शेवटचा, मग त्याने दाराबाहेर उभे राहावे" हे वाक्य खोडले आहे. सह्या चालू असताना सविताने ते खोडायला सांगितले. तिचे शब्द असे: "बाहेर नको. एकदा दारातून परत गेलाय तो. आत येऊ दे, पण माझ्याशी बोलायचं नाही." दडपणाखाली लिहीत नाही असे मी वर म्हटले आहे, त्याला एवढा एक अपवाद समजावा. खाडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही.

श्री. म. फिरके
मे. करंदीकर
क्षि. देव